एकाच भिंतीचं घर

फळ्यावर विषय उमटला, 'माझ्या घरातला कोपरा', आणि सगळा वर्ग माना खाली घालून कामाला लागला. एक इग्लू सोडून.

तिला इग्लू म्हणायचे ते तिच्या घरामुळे. तिच्या आईनं एक अवाढव्य फुगा फुगवला होता, त्यावर तारेची जाळी आणि सिमेंटचे थर चढवले होते, आणि सगळं वाळल्यावर आतली हवा सोडून दिली होती. उरलं ते घर. गरगरीत गोल. जमिनीतून निघालेली भिंत वर जाता जाता छत व्हायची आणि काही झालंच नाही अशा थाटात पलीकडे उतरायची. त्या घरात सगळं होतं. कोपरा तेवढा नव्हता.

आणि आज शाळेतून एकच चित्र मोठ्या प्रदर्शनाला जाणार होतं. इग्लूला ते आपलंच जायला हवं होतं. हवं म्हणजे हवंच.

"माझ्याकडचा घे एखादा," शेजारची पट्टी कुजबुजली. ती हातात पट्टी घेतल्याशिवाय एक रेघ मारत नसे, म्हणून ती पट्टी. "आमच्याकडे ढिगानं आहेत. स्टुलावर कुंडी ठेवलेला घे, सोप्पाय."

इग्लूनं घेतला. स्टूल काढलं, कुंडी काढली, दोन भिंती काढल्या. पण हाताला सवय वेगळीच. दोन्ही भिंती जवळ आल्या आणि टोकाला भेटायच्या ऐवजी अलगद वळून एकमेकींत मिसळून गेल्या. तिनं खोडलं. पुन्हा काढलं. पुन्हा वळल्या, लब्बाड! कागदाला भोक पडायची वेळ आली.

"हा कोपरा?" चित्रकलेचे सर मागे येऊन उभे होते. "की मडक्याचं पोट?"

वर्ग खिदळला.

"सर, आमच्या घरात कोपराच नाही."

"असं कुठं घर असतं का? दोन भिंती भेटतात, ती जागा म्हणजे कोपरा."

"पण सर, आमच्याकडे भिंतच एक आहे. ती स्वतःलाच भेटते."

पुन्हा सगळे हसले. या वेळी इग्लूही हसली, कारण बोलता बोलता तिला आपलं घर दिसलं. सुट्टीच्या दिवशी जमिनीवर उताणं पडलं की दिसतं ना, अगदी तसं.

सर मात्र हसले नाहीत. "हे बघ, बाहेरून परीक्षक बाई येताहेत. विषय सोडलास तर चित्र बाद. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"नाही सोडत, सर," इग्लू म्हणाली आणि तिनं कागद उलटा केला.

मग ती बाकावर बसलीच नाही. कागदाच्या मधोमध तिनं छतातली काचेची खिडकी काढली आणि त्यात आभाळ भरलं. भोवती सगळं घर काढलं, सगळ्यांचे पाय कागदाच्या कडेला आणि डोकी आभाळाकडे. एक माणूस झाला की ती कागद थोडा फिरवायची आणि पुढचा काढायची. सरळसोट कपाट वाकड्या भिंतीला टेकवू बघणारे घामाघूम बाबा. आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले आजोबा. आईशी भांडून फणकाऱ्यानं निघालेली मावशी, जी भिंतीच्या कडेकडेनं चालत पुन्हा आईच्याच पाठीशी येऊन पोचली होती.

परीक्षक बाई आल्या. सर एकेक चित्र भिंतीवरच्या फलकावर टाचू लागले. पट्टीचा कोपरा इतका टोकदार होता, की बोट लागलं तर कापेल. बाई मान डोलावत पुढे सरकत होत्या.

इग्लूचं चित्र हातात आलं आणि सर अडकले. असं धरलं तर आजोबा डोक्यावर. तसं धरलं तर कपाटासकट बाबा उलटे.

"वरची बाजू कुठली गं याची?"

"मधली, सर."

"मधली! अगं, हे टाचू कसं? कोणी ना कोणी लटकतंच आहे."

बाई जवळ आल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चित्राकडे बघितलं, मग इग्लूकडे. "विषय कोपरा आहे, माहितीय ना?"

"हो, बाई." इग्लूचा आवाज खणखणीत निघाला. "आमच्याकडे तयार कोपरे मिळत नाहीत. जो जिथं बसतो, तिथं त्याचा कोपरा होतो."

बाईंनी बाकं सरकवायला लावली, सरांच्या हातातून चित्र घेतलं आणि वर्गाच्या मधोमध जमिनीवर ठेवलं. चपला काढून ठेवल्या आणि त्याच्याभोवती चालू लागल्या. बाबांपाशी थांबल्या. मावशीपाशी आल्यावर खुदकन हसल्या. फेरी पुरी झाली, तरी थांबल्या नाहीत.

"सर, याच्या पाठीमागे ठळक लिहून पाठवा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "भिंतीवर लावू नये."

सर मूठभर टाचण्या घेऊन तसेच उभे. मग त्यांनी टाचण्या खिशात टाकल्या, बूट काढले आणि बाईंच्या मागोमाग निघाले. त्यांच्या मागे पट्टी घुसली आणि तिच्या मागे अख्खा वर्ग, एकमेकांना कोपरखळ्या मारत, खांद्यांवरून डोकावत.

"ए, हळू!" इग्लू ओरडली. "आजोबा झोपलेत तिथं!"