कमानीवरची नावं

सौंसरच्या आमच्या सरकारी क्वार्टरांत लहानाचे मोठे झालेले बारा जण काल नागपूर-पुण्याहून गाड्या घेऊन आले. वस्तीला त्यांनी कमान बांधून दिली होती, वर सोनेरी अक्षरांत बाराही नावं. फीत कापली, तेवढ्यात पाण्याचा टँकर आला आणि कमानीपुढं अडला. कमानच ठेंगणी! लहानपणी याच टँकरमागं बादल्या घेऊन धावणारे त्याची उंचीच विसरले. माझं डोकंच फिरलं. घरातली पितळी घागर आणून मी त्या बारांतल्या हंसराजपुढं आदळली. "ओळखली का बे? तुह्या मायची आहे. क्वार्टर सोडतानी मले देऊन गेली." काठावर त्याच्या आईचं नाव कोरलेलं. "काकू, पुढच्या महिन्यात उंच करून देतो," तो पुटपुटला. "तोवर पाणी का तुह्या कारमंधी आणू? तुह्या मायनंबी नाव कोरलं, पण भांड्यावर. अजून कामी पडते. उचल घागर, अन् बाकीच्यायले बादल्या दे."