हेडबाई शेवटच्या बाकावर

हेडबाई वर्गात शिरल्या आणि एकही पोरगं उभं राहिलं नाही. एकाने तर बसल्या बसल्या हात हलवला, जशी काही शेजारीण जिना चढून चालली होती. हेडबाईंनी पदर घट्ट ओढला, शेवटचा बाक रुमालाने पुसला आणि मगच त्यावर टेकल्या.

निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी घरीदारी त्यांना हेडबाईच म्हणत, आणि त्यांनाही तेच आवडे. या परक्या मुलखात लेकीकडे त्या तीन महिने राहिल्या होत्या. उद्या परत निघायचं होतं. तीन महिन्यांत त्यांना इथलं काही म्हणजे काही पटलं नव्हतं. माणसं ओळख नसताना हसतात, दुकानदार पैसे घेऊन वर आभार मानतो, शेजारचा म्हातारा स्वतःची खिडकी स्वतः रंगवतो. लेक सगळं मुकाट ऐकून घेई. जायच्या आधी आईने आपला वर्ग बघावा, एवढाच तिचा हट्ट होता. आईही गणिताचीच. एकदा तरी 'बरं शिकवतेस' म्हणेल, या आशेवर तिने शाळेची परवानगी काढली होती.

लेक टेबलाच्या कोपऱ्यावर बसून शिकवत होती. टेबलावर! पुस्तकाला पाय लागावा तसे हेडबाईंच्या अंगावर शहारे आले. फळा पांढरा, त्यामुळे खडू नाही, खडूची धूळ नाही. म्हणजे दिवसभर शिकवलं याला पुरावाच नाही. पोरं बाईंना सरळ नावाने हाक मारत होती. एकाचं तोंड अखंड रवंथ करत होतं.

भाषा हेडबाईंना कळत नव्हती, पण गणित कुठेही गेलं तरी गणितच. तिसऱ्या ओळीत लेकीने वजाचं चिन्ह गाळलं, ते त्यांनी लगेच टिपलं. तरी गप्प राहिल्या. बाईंची चूक वर्गादेखत काढायची नसते. ती घरी नेऊन काढायची असते, आणि मग वर्षानुवर्षं काढत राहायची असते.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या हिरव्या केसांच्या मुलीने बोट दाखवून काहीतरी म्हटलं. लेकीने फळ्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि चक्क हसली.

"माझं चुकलं, आई," ती तिथूनच मराठीत म्हणाली. "तिने पकडलं बघ."

"पकडलं म्हणे," हेडबाई पुटपुटल्या. "वर दात काढतेय."

मग तर कळसच झाला. लेकीने हातातलं पेन त्या हिरवीला दिलं आणि स्वतः जाऊन तिच्या जागेवर बसली. बाई बाकावर, कार्टी फळ्यापाशी. हिरवीने सगळं पुसून टाकलं आणि गणित भलत्याच वाटेने नेलं. लेक हनुवटीला हात लावून ऐकत होती, एखादी नवी मैत्रीण ऐकते तशी. उत्तर आलं. बरोबर आलं, हे हेडबाईंना जास्तच झोंबलं. हिरवीने वळून काहीतरी विचारलं, त्यावर लेकीने नुसते खांदे उडवले आणि दोन शब्द बोलली.

"काय विचारतेय ती?" हेडबाईंनी मागूनच आवाज दिला.

"ही रीत दर वेळी चालेल का म्हणून." लेक मागे वळली. तिचा चेहरा खुलला होता. "मला माहीत नाही, म्हटलं. मिळून शोधू या."

"माहीत नाही?"

सगळ्या नोकरीत हेडबाईंच्या तोंडून हे शब्द वर्गात कधी बाहेर पडले नव्हते. माहीत नसलं की त्या विचारणाऱ्याला उभं करत आणि छडी उचलत. आताही त्यांचा हात आपोआप उचलला गेला आणि बाकावर फाडकन आपटला.

"ऊठ!"

मराठी तिथे कुणाला कळणार? पोरं नुसती वळून बघत राहिली. रवंथ करणाराही थांबला.

उठली ती लेक. ताडकन उठली, गुडघा बाकावर आपटला, तरी उठली. मान खाली गेली. उजवा हात सरळ पुढे आला, तळवा वर.

फळ्यापाशी उभ्या असलेल्या हिरवीला वाटलं, बाई पेन परत मागताहेत. ती पुढे आली आणि तिने पेन त्या तळव्यावर ठेवलं.

पेन टेकताच लेकीने डोळे गच्च मिटून घेतले. हात आखडला. पेन खाली पडलं आणि घरंगळत बाकाखाली गेलं.

तीन महिन्यांत पहिल्यांदा हेडबाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. त्या बाकाला पाठ टेकून ऐसपैस बसल्या.

"शाबास," त्या म्हणाल्या. "इतक्या थेरांतसुद्धा वळण टिकवलंस हो."

लेक तीन महिने ज्या कौतुकाची वाट बघत होती, ते हे असं आलं. तिने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकून धरला.

हिरवी वाकली आणि तिने बाकाखालून पेन काढलं. या वेळी मात्र तिने ते बाईंच्या हातात दिलं नाही. टेबलाच्या कडेला ठेवून दिलं, अजिबात आवाज होणार नाही अशा बेताने.