ऑफिसातूनच होणारं काम

स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली आणि श्रावणीचा चेहरा उतरला. नवा रायपूरच्या ऑफिसात सगळे तिच्या लॅपटॉपभोवती जमले होते. पोरीची उमेदवारी संपत आलेली. नोकरी पक्की होणार की नाही, ते याच प्रयोगावर ठरायचं होतं.

बाहेरच्या ॲपना कंपनीच्या माहितीपर्यंत सोडायचं की नाही, हे पाहणारा एक दरवान मध्ये बसवलेला असतो. त्याला एपीआय प्रॉक्सी म्हणतात. त्यात बदल केला की तो हातानं सर्व्हरवर चढवावा लागे. हे काम कौमुदीचं, आणि ते ऑफिसच्या मशीनवरूनच होई. म्हणून ती रोज जुन्या शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यातून बस धरून इथे यायची. आता श्रावणीची स्क्रिप्ट तेच काम घरबसल्या, एका कमांडवर करणार होती.

कौमुदीच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. दिवसा त्यांचं करायला एक बाई ठेवली होती. "काहून नाही होत वं तुह्यं काम घरून?" सासूबाई अधूनमधून विचारायच्या. "ऑफिसातूनच होते, आई," हे ठरलेलं उत्तर. बसची खिडकी, ते रुंद रिकामे रस्ते आणि कोणी हाक न मारणारा तासभर. स्वतःचं म्हणावं असं कौमुदीकडे तेवढंच उरलं होतं. स्क्रिप्ट फसावी म्हणून ती सकाळपासून देव पाण्यात घालून बसली होती.

"छोड़ो, हाथ से ही करेंगे," टीमचे प्रमुख भैय्यालाल साहू उठले.

देव पावला. कौमुदीनं श्वास सोडला. तेवढ्यात श्रावणीच्या डोळ्यांत पाणी दिसलं. जळो मेलं! पोरीचं वाटोळं करून राखलेली खिडकी कुठवर गोड लागणार?

"टोकन शिळं झालं वं," कौमुदी म्हणाली. टोकन म्हणजे सर्व्हरवर चढवायचा, थोड्या वेळानं बाद होणारा परवाना. "स्क्रिप्टले दरवेळी आधी नवं मागू दे, मंग चढव."

श्रावणीनं तशी ओळ घातली आणि हिरवी अक्षरं आली. टाळ्या पडल्या.

"कौमुदीजी, सोमवार से आप घर से ही कीजिए," भैय्यालाल खुशीत म्हणाले.

घरी सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"अरे वा!" अच्युत म्हणाला. "मंग बाईले सांगून देतो, सोमवारपासून नको येऊ म्हणून."

श्रावणी येऊन तिच्या गळ्यात पडली. "दीदी, इतने साल किसी को सूझा ही नहीं?"

"नाही सुचलं वं कोणालेच."

चार वर्षांपूर्वी, सासरे पडले त्याच आठवड्यात, कौमुदीनं घरी बसून अशीच स्क्रिप्ट लिहिली होती. टोकनपाशी तेव्हा तीही अडली होती. शेवटी स्क्रिप्ट चालली. चालली हे पाहिल्याबरोबर तिनं ती पुसून टाकली.