उशिरा वळणारी गाडी

पडद्यावरची गाडी पुन्हा भिंतीवर आदळली, कोलांटी खाऊन चारी चाकं वर करून पडली.

"बघितलंस? मी वेळेवर वळवली होती. हीच उशिरा वळली," वस्ताद म्हणाले आणि कंट्रोलर टेबलावर असा ठेवला, जसा काही तो शेजाऱ्यांचाच होता.

शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली लेक हसली. "म्हणजे हीसुद्धा उडवायची?"

"उडवायचीच."

'ही' म्हणजे लिनक्स. वस्तादांचा कॉम्प्युटर आता म्हातारा झाला, त्यावर नवी सिस्टिम चालायची नाही, असं दुकानदार बोलून गेला होता. म्हातारा हा शब्द वस्तादांना झोंबला. मग लेकीने सुचवलं, लिनक्स नावाची सिस्टिम टाका, जुन्या कॉम्प्युटरवरही चालते, फुकट आहे, गेमही चालतात. ती नोकरीच्या गावाहून रविवारी घरी येई, आणि जेवणं उरकली की पडद्यावर बापलेकीची गाड्यांची शर्यत लागे. एके काळी ती बरोबरीची असे. हल्ली वस्ताद दर रविवारी हरत होते. ते त्यांच्या जिवाला लागलं होतं.

लिनक्स एकच नसतं, त्याच्या नाना तऱ्हा असतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात आणि प्रत्येक डिस्ट्रोचे भक्त निराळे, हे वस्तादांना ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा त्यांना घबाडच सापडलं. पहिली गरीब गाय होती. नवख्यांसाठी उत्तम, असं सगळे म्हणत. तिच्यावर गाडी उशिरा वळली. दुसरी खास गेम खेळणाऱ्यांसाठी घडवलेली. तिचा पडदा जत्रेसारखा झगमगायचा. गाडी वळायची उशिराच. तिसरी रोज सकाळी आपली आपण अपडेट होऊन नटायची. एका सकाळी नटता नटता आवाज घालवून बसली. त्यानंतर गाडी उशिराच वळायची, पण निदान आदळल्याचं ऐकू यायचं नाही.

"बाबा, स्थळं बघताय का हो?" लेक म्हणायची. "एकीचं नाक बसकं, दुसरीची उंची कमी!"

"हसू नकोस. या हाताला उशीर कळतो."

हे मात्र खरं होतं. टेबल टेनिसच्या हॉलमध्ये लोक त्यांना वस्ताद म्हणत ते उगीच नव्हे. समोरच्याची बॅट हलायच्या आत यांचा हात तिथे पोचलेला असे. आता ते मुलांना शिकवत. शेजारी चेंडूंची टोपली, तिच्यातून एकामागून एक चेंडू द्यायचा आणि पोरांनी तो मारायचा. परत आलेल्या चेंडूच्या वाटेला वस्ताद जात नसत. ही आधुनिक पद्धत आहे, असं ते पालकांना सांगत. सांगून सांगून त्यांनाही ते पटलं होतं.

इंटरनेटवरच्या जाणत्यांनाही त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं. बटण दाबतो, गाडी उशिरा वळते, कोणती डिस्ट्रो घेऊ? कुणी म्हणाला केबल बदला, कुणी म्हणाला पडदा बदला. एकाने विचारलं, "काका, वय काय आपलं?" एवढा उद्धट माणूस वस्तादांनी जन्मात पाहिला नव्हता. त्याला त्यांनी तिथल्या तिथे ब्लॉक केलं.

"आणा इकडे," लेक म्हणाली. "उडवायच्या आधी एकदा मला बघू द्या."

तिने कंट्रोलर हातात घेतला. पहिलं वळण आलं आणि गाडी काठाकाठाने निघून गेली, जशी नदीवरून पाकोळी जावी. दुसरं गेलं. मग ते अवघड वळण आलं, जिथे वस्तादांच्या गाडीचा दर रविवारी चक्काचूर व्हायचा. गाडी वळली. हाक मारावी आणि 'ओ' यावी, तशी वळली.

वस्ताद पडद्याकडे बघतच नव्हते. ते लेकीचा अंगठा बघत होते. अंगठा दबत होता, गाडी वळत होती. मधे केस मावेल एवढीही फट नव्हती.

त्यांनी आपला उजवा हात मांडीवर घेतला आणि पाहुणा आल्यासारखं त्याच्याकडे बघितलं. किती पेनड्राइव्ह भरले, किती वेळा तो बिचारा कॉम्प्युटर पुसून काढला, कितीजणांशी वाद घातले. गावाला वळसा घालून झाला होता, आणि कळसा होता काखेत.

लेकीने डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदाच बापाकडे पाहिलं. पुढच्या फेरीत, जिथे आंधळ्यानेही गाडी सरळ नेली असती तिथे, तिने ती भिंतीवर घातली.

"अरे, हो की!" ती म्हणाली. "उशिराच वळते. तुमचं बरोबर आहे, बाबा. आपण दुसरी कुठली तरी टाकू."

आयुष्यभर वस्तादांनी टेबलापलीकडचे हात वाचले होते. मुद्दाम सोडलेला चेंडू त्यांना मनगटावरूनच कळायचा. कळायचाच, कारण लेकीची हनुवटी टेबलाला जेमतेम टेकायची तेव्हा त्यांनी स्वतः असे ढीगभर सोडले होते. ती जिंकायची, बॅट उडवून टेबलाभोवती गरगर नाचायची, आणि हे डोकं धरून हरलेल्याचं सोंग आणायचे.

वस्तादांना हसू फुटलं. आधी गालात, मग पोटातून. डोळे पुसावे लागले इतकं.

"एक विचारू का ग? तू लहान असताना मी तुझ्यासाठी चेंडू सोडायचो, ते तुला कळायचं?"

लेकीने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं त्यावर अलगद मिटवली.

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "नाचायचे ना मी, ते तुमच्यासाठी."