रीतसर प्रार्थना

आमच्या चर्चमधल्या एका काकूंची कंबर धरली, तेव्हा रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या चर्चच्या दोघीजणी धावून आल्या. येशूच्या नावानं प्रार्थना केली, कंबर शेकून दिली, जाताना भांडीही घासून गेल्या. काकू खडखडीत बऱ्या!

आमच्या सेक्रेटरींचा मात्र तिळपापड झाला. "काकू आपल्या चर्चच्या आणि प्रार्थना त्यांची? हे चालायचं नाही!" ते तावातावानं काकूंच्या घरी पोचले. काकू स्टुलावर चढून पडदे लावत होत्या.

"उतरा खाली आणि झोपा बघू. आता आपल्या चर्चतर्फे रीतसर प्रार्थना होईल."

"अहो, पण मी बरी झाले ना!"

"ते आम्ही धरत नाही."

काकू निमूटपणे आडव्या झाल्या. सेक्रेटरींनी गुडघे टेकले आणि इतकी लांबलचक प्रार्थना केली, की काकूंना डुलकी लागली. शेवटी 'आमेन' म्हणून ते उठायला गेले आणि त्यांचीच कंबर धरली. धड उठता येईना, धड बसता येईना.

काकू ताडकन उठल्या. "हलू नका. पलीकडच्या त्या दोघींना हाक मारते."



सेक्रेटरी कण्हत म्हणाले, "मारा... पण त्यांना मागच्या दारानं आणा."