ढिली पिन

शांतव्वानं लेकाचा लॅपटॉप राजारामपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात आणून ठेवला. चार्जिंगची पिन ढिली झाली होती. कुणीतरी शेजारी बसून वायर दाबून धरली, तरच तो चालायचा.

“पिन आत बोर्डालाच सोल्डरिंगचा डाग देऊन बसवलेली असती, मावशी. पण काढून नवी घालतो की! धरून बसायची कटकट मिटली बघा,” दुकानदार म्हणाला.

शांतव्वाचा चेहरा उतरला.

“दादा, माझं सोमवारचं व्रत हाय, मला खोटं बोलता येत न्हाय. तुम्हीच माझ्या लेकाला, बसवेशला फोन करून सांगा, दुरुस्त हुईत न्हाय म्हणून.”

“आँ? ते का ओ?”

“त्याचे अप्पा गेल्यापास्नं पोरगं घरात तोंड उघडत न्हाय. वायर धरायला तेवढी ‘अव्वा, ये की’ म्हणून मला हाक मारतंय.”