सहावा आकडा

'थांबा सरां'नी दुर्बिणीच्या ऑपरेशनची दोन्ही लांब अवजारं सरावाच्या खोक्यात घातली आणि त्यांचे तळहात घामेजले. समोर पेशंट नाही की काही नाही. खोक्यात रबराचा एक चिरलेला तुकडा, वर आतलं दाखवणारा पडदा, बाजूला घड्याळ. चाळीस वर्षं माणसांची पोटं उघडणाऱ्या माणसाला रबराची भीती वाटावी, म्हणजे कमालच.

भानगड आकड्याची होती. सहा जुन्या सर्जननी एकेक टाका घालून गाठ मारायची. सहा जणांच्या वेळेची सरासरी हीच शिकणाऱ्यांची कसोटी. तेवढ्या वेळात गाठ मारली तर पास, नाहीतर सहा महिने पेशंटला हात लावायचा नाही. पाच जणांची सरासरी आली होती शहाण्णव सेकंद. सहावे हे.

आणि दाराच्या काचेपलीकडे त्यांचं शेंडेफळ उभं होतं, त्यांच्या हाताखालची सगळ्यांत धाकटी विद्यार्थिनी. सकाळी तिला एकशे चार सेकंद लागले होते.

थांबा सर हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. "गाठ मारली की थांबा, ओढून बघा, मग पुढे," हे त्यांचं पालुपद सगळ्या हॉस्पिटलला पाठ होतं. त्यांच्या नेहमीच्या चालीनं दीडशे सेकंद सहज लागले असते. मग सरासरी एकशे पाचवर गेली असती आणि पोरगी सुटली असती. नेहमीसारखं काम करायचं, यात कसली आलीय लबाडी?

पण भिंतीवर पाच आकडे लिहिले होते. सगळ्यांत कमी अठ्ठ्याहत्तर, तोही विभागप्रमुख बाईंचा, ज्यांना यांनीच सुई धरायला शिकवलं. त्यांच्याखाली दीडशे? म्हातारा झाला, म्हणतील. नाहीतर पोरीसाठी मुद्दाम रेंगाळला, म्हणतील. सर या पायावरून त्या पायावर झाले.

"सर, करायचं सुरू?" विभागप्रमुखांनी विचारलं.

सरांनी मान हलवली आणि हात असे काही चालवले की पडदाच पुरेना. गाठ पडली. घड्याळ थांबलं.

"नव्वद! वा, सर!"

बरं वाटलं, नाही कशाला म्हणा. लॅबवाल्या ताई चिमटा घेऊन पुढे आल्या. शिकणाऱ्यांची प्रत्येक गाठ त्या ओढून बघत, सरकली तर नापास.

"अहो ताई, सरांची गाठ काय तपासता?" विभागप्रमुख हसल्या. आधीच्या पाचही जणांच्या गाठी अशाच मान राखून कुणी ओढल्या नव्हत्या. ताईंनी चिमटा खाली ठेवला. सरासरी ठरली पंचाण्णव.

शेंडेफळ आत आलं. तिनं भिंतीवरचा आकडा पाहिला.

"म्हणजे गेले मी," ती म्हणाली. "मी शेवटी ओढून बघितलं ना, त्यात दहाबारा सेकंद गेले. तुम्ही कधी ओढून बघितलंत, सर? मी काचेतून बघत होते."

सरांना आधी तिचाच राग आला. भलतीच चौकस कार्टी. मग त्यांनी चिमटा उचलला, आपल्या गाठीचा धागा पकडला आणि ओढला. फार जोर लावावा लागला नाही. गाठ सरकली आणि रबराची चीर वासली.

तेवढ्यात विभागप्रमुख कागद घेऊन आल्या. "सर, तुमचे नव्वद लिहिलेत, इथे सही."

"खोड ते. नापास लिही."

"काहीतरीच काय सर. तो नियम शिकणाऱ्यांना आहे."

"उद्या सकाळी माझी दोन ऑपरेशनं आहेत, ती दुसऱ्या कुणाला तरी दे," सर म्हणाले. चिमटा त्यांनी ताईंच्या हातात ठेवला. "ताई, त्या बाकीच्या पाच पण ओढून बघा."

आधीच्या पाच जणांचे शिवलेले तुकडे ट्रेमध्ये होते, त्यातल्या पहिल्याकडे ताईंनी हात नेला. तो विभागप्रमुखांचा होता. त्यांनी तो झटकन उचलला आणि मुठीत घट्ट धरला.